जंगलातील उरलेले लाकूड : कागदावर किती, हाती येणार किती?

हल्ली आपल्या बाजारात एक नवा प्रस्ताव फिरत आहे. जंगलात झाडे तोडल्यावर मागे जे फांद्या, शेंडे, बुंधे आणि काटक्या उरतात त्या गोळा करायच्या, त्यांचा चुरा करून मशीनमध्ये दाबून कांड्या पाडायच्या आणि त्या बॉयलरवाल्यांना कोळशाच्या जागी विकायच्या. या कांड्यांना बाजारात ब्रिकेट म्हणतात, काही जण पांढरा कोळसाही म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात असाच प्रस्ताव घेऊन एक गृहस्थ धायरीला माझ्या घरी आले. त्यांना घेऊन आला होता माझा मावसभाऊ. त्याचे भिवंडीला सायझिंग आहे, आणि सायझिंग म्हटले की बॉयलर आला. ताण्याला खळ लावायची आणि वाफेवर सुकवायची, हे काम वाफेशिवाय होत नाही. जळणाच्या भावाने तो बेजार झालेला. मला म्हणाला, ‘‘भाईजान, कच्चा माल फुकट पडला आहे, फक्त उचलायचा आहे.’’

गृहस्थांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. त्यावर महाराष्ट्रातील जंगलाचे क्षेत्रफळ होते, त्याला हेक्टरी अमुक टन असा एक आकडा गुणलेला होता, आणि खाली जे उत्तर लिहिले होते ते वाचून कुणाचेही डोळे दिपावेत. भागीदारीत माझा हिस्सा पंधरा लाखांचा धरला होता. मुलीच्या लग्नासाठी आणि दुकानाच्या डागडुजीसाठी ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती, हे मावसभावाला ठाऊक होते.

मी कापडाचा माणूस. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, आणि लाकडाच्या धंद्यातले मला काही कळत नाही हे मी तिथल्या तिथे कबूल केले. पण चिंधी मला कळते, आणि तो कागद वाचताना मला चिंधीच आठवत होती.

रेडीमेडच्या कारखान्यात कापड कापले जाते तेव्हा मार्कर कितीही चांगला बसवला तरी शंभरातले पंधरा-वीस टक्के कापड चिंधी म्हणून खाली पडते. आता समजा, कुणी उठून पुणे शहरात वर्षाला विकल्या जाणाऱ्या सगळ्या कापडाचे वजन घेतले, त्याचे पंधरा टक्के काढले आणि म्हणाला, एवढे टन चिंधी आपली वाट पाहत पडली आहे, कारखाना टाका. तर आपण हसू. कारण त्यातली मोठी चिंधी टेलर स्वतः ठेवतो, त्याची पोटली, पिशवी, उशीचा अभ्रा होतो. गोधडीवाली बाई उरलेली घेऊन जाते. गॅरेजवाले पुसायला नेतात. बारीक चिंधी गादीवाल्याकडे जाते. घराघरांतून शिवणकाम करणाऱ्या बहिणींकडची चिंधी गोळा करायची तर रिक्षाभाडे चिंधीच्या किमतीहून जास्त होईल. म्हणजे चिंधी निर्माण किती होते हा एक आकडा, उचलता किती येते हा दुसरा, आणि उचलून परवडते किती हा तिसरा. धंदा फक्त तिसऱ्या आकड्यावर चालतो. गृहस्थांच्या कागदावर पहिलाच आकडा होता, आणि तोही चुकीच्या वाटेने काढलेला.

मराठीत आपण ‘अजमास’ म्हणतो. उर्दू शाळेत आम्ही ‘आजमाइश’ शिकलो. दोन्ही शब्द एकाच घरातले. पण उर्दूत त्याचा अर्थ पारख, कसोटी असा आहे, आणि मराठीत येता येता तो नुसता अंदाज होऊन बसला. या धंद्यात शब्दाचा जुना अर्थ धरलेला बरा.

त्यानंतर दोन महिने मी फुरसतीच्या वेळी हाच उद्योग केला. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये माझे जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याकडे बसलो. वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब नऱ्ह्याला राहतात, त्यांच्याकडे चहाला गेलो. जे समजले ते इथे मांडतो, कारण हा कागद माझ्या एकट्याच्या घरी आलेला नाही.

प्रथम क्षेत्रफळाचा घोळ. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे राज्याच्या जमिनीच्या साधारण साडेसोळा टक्के. आकडा खराच आहे. परंतु झाड तोडले तर फांदी उरते, न तोडलेल्या झाडाची फांदी झाडावरच असते. ताडोबा, मेळघाट, सह्याद्री या व्याघ्र प्रकल्पांत व्यापारी तोड नाही. घाटमाथ्यावरचे जंगल पाण्यासाठी आणि मातीसाठी राखलेले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, तेव्हापासून केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करता येत नाही. टिंबर मार्केटमधल्या जुन्या लोकांना तो आदेश चांगला आठवतो, कारण त्याच सुमारास आरागिरण्यांच्या परवान्यांची तपासणी सुरू झाली आणि कित्येकांचे धंदे बदलले. तर, हेक्टर मोजायचे ते त्या वर्षी ज्या कूपात तोड मंजूर आहे त्याचे. राज्यभरच्या जंगलाचे हेक्टर मोजून काही हाती लागत नाही.

आणि हे मोजायला फार विद्वत्ता लागत नाही. कूपातल्या तोडायच्या झाडांवर खूण होते, नंबर पडतो, छातीच्या उंचीवर म्हणजे १.३७ मीटरवर घेर मोजला जातो आणि यादी तयार होते. घेर आणि उंचीवरून लाकूड किती निघेल याचे तक्ते वनखात्याकडे असतात. तोड झाली की इमारती लाकूड घनमीटरमध्ये आणि जळाऊ लाकूड बीटमध्ये रचून डेपोवर लिलावाला येते. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या सागाच्या लागवडी चंद्रपूर-गडचिरोलीकडे आहेत, तिथे ठरावीक वयाला विरळणी होते आणि शेवटी मुख्य तोड. बल्लारपूरचा लाकूड डेपो त्या भागात कुणालाही विचारा, दाखवतील. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनाचे सागवानसुद्धा नागपूरहून गेले होते. तर सांगायचे एवढेच की लिलावाचे आकडे कागदावर असतात. ज्याला खरा अजमास करायचा आहे त्याने तीन-चार वर्षांचे कूपवार उत्पन्न मागून घ्यावे आणि तिथून मागे हिशेब करावा. गृहस्थांनी ते केले नव्हते.

आता झाडाकडे येऊ. एका झाडाचे काय काय होते, याचा एक तक्ता संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९० साली लाकूड उद्योगावरील पुस्तिकेत दिला आहे. मला तो फार आवडला, कारण आपल्या कटिंग मास्टरच्या वहीसारखाच आहे. उभ्या झाडाचे शंभर भाग धरले तर शेंडा, फांद्या आणि पाला मिळून २३ भाग जंगलात राहतात. जमिनीलगतचा बुंधा १० भाग. तोडताना पडणारा भुसा ५ भाग. म्हणजे ३८ भाग जंगलातच. उरलेले ६२ आरागिरणीत येतात. तिथे कडेच्या फळ्या आणि तुकडे १७ भाग, भुसा साडेसात, साल साडेपाच, इतर घट ४, आणि विकायची फळी निघते फक्त २८ भाग. शंभर मीटर कापडातून अठ्ठावीस मीटरचेच सदरे निघावेत, तसा हा प्रकार. आपल्या धंद्यात असा कटिंग मास्टर एक दिवस टिकणार नाही, पण झाड काही थानासारखे सरळ येत नाही.

गृहस्थ याच ३८ वर बोट ठेवून बसले होते. पण हा तक्ता सर्वसाधारण आहे, आणि ज्या देशांत फांदी कुणी उचलत नाही तिथे तो जसाच्या तसा लागू पडतो. आपल्याकडे जंगल कधीच एवढे श्रीमंत नव्हते. मनगटाएवढ्या जाडीची फांदी आपल्याकडे कचऱ्यात जात नाही, ती बीटमध्ये रचली जाते आणि पैसे मोजून विकली जाते. परदेशात जो उरलेला माल म्हणतात, त्यातला चांगला भाग आपल्याकडे लिलावाचा माल आहे. तो फुकट नाही, आणि त्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेले आहेत.

त्याहून बारीक जे राहते ते मोळीत जाते. वन सर्वेक्षण संस्थेच्या २०११ च्या अहवालात देशाचा सरपणाचा वापर वर्षाला सुमारे २१ कोटी ६० लाख टन दिला आहे, आणि त्यातले सुमारे ५ कोटी ८७ लाख टन जंगलातून येते. त्यानंतर २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस पुष्कळ घरांत पोचला, तरी सिलिंडर संपला की चूल पेटतेच, हे खेड्यात नातेवाईक असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कूपातली काटकी उचलणारी बाई कुठल्याही तक्त्यात येत नाही. आपण ट्रक घेऊन गेलो तर तिच्या मोळीवरच हात टाकणार. मावसभावाला मी हे म्हटले तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. त्याची अम्मी, म्हणजे माझी खाला, जुन्नरकडच्या गावात लहानपणी सरपण गोळा करायला जात असे.

आणि ही नुसती दयेची बाब नाही, कायद्याचीही आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तीत बांबू, मध, तेंदूपाने यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि बुंधेही आहेत. म्हणजे ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे हा माल ग्रामसभेचा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला, ही गोष्ट देशभर गाजली. आता गृहस्थांच्या कागदावर ‘फुकट’ म्हणून लिहिलेल्या मालाचा मालक तिथे बसलेला आहे. त्याच्याशी भाव ठरवायचा, लेखी करार करायचा, मग माल उचलायचा. मला स्वतःला ही पद्धत पसंत आहे. मालकाकडून सरळ खरेदी केलेला माल रात्री झोप देतो. पण मग त्याची किंमत हिशेबात लिहावी लागेल.

शिवाय सगळे उचलायचेही नसते. पाला, कोवळ्या डहाळ्या आणि साल यांत झाडाने जमिनीतून घेतलेल्या खताचा मोठा वाटा असतो. ते सगळे दरवेळी नेले तर पुढची लागवड अशक्त होते. फिनलंडमध्ये तोडीनंतरच्या फांद्या गोळा करून गावाला वीज आणि उष्णता पुरवण्याचा धंदा जोरात आहे, पण तिथल्या मार्गदर्शक सूचनांतही सुमारे ३० टक्के फांद्या जागेवर सोडाव्यात असे सांगितले आहे. बुंधा तर आपल्याकडे उपटूच नये. सागाच्या बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. तो उपटणे म्हणजे दुकानाचा पाया विकून माल भरणे.

आता पाण्याचे वजन. या मुद्द्यावर मात्र मला कुणी फसवू शकत नाही, कारण सुताच्या व्यापारात आम्ही आयुष्यभर हेच करत आलो. कापसाच्या सुताला ठरीव ओल साडेआठ टक्के धरतात. कुणी ओले सूत तोलून दिले तर पाण्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून सूत घेताना आपण हात घालून पाहतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा लाकडाच्या किलोमागे सुमारे २,००० किलोकॅलरी उपयोगी उष्णता मिळते. तेच लाकूड उन्हावाऱ्यात सुकून ओल वीस टक्क्यांवर आली की सुमारे ३,५०० मिळते. टन तोच, जळण वेगळे. आणि ब्रिकेटच्या मशीनला तर त्याहून कोरडा, दहा-बारा टक्के ओलीचा चुरा लागतो, म्हणजे सुकवण्याचा खर्च वेगळा, फांदी फोडण्याच्या विजेचा खर्च वेगळा. जंगलातला कुणी ‘इतके टन’ म्हणाला की पहिला प्रश्न विचारावा, ओले की सुके? आणि घनमीटर म्हणाला तर विचारावे, भरीव लाकडाचे की रचलेल्या ढिगाचे? वाकड्या फांद्यांच्या ढिगात तिसरा हिस्सा ते निम्मा हवाच असते.

एवढे समजल्यावर मी एका दुपारी दुकानात बसून हिशेब मांडला. पहिला तक्ता पुस्तिकेचा आहे, पुढची वजावट माझी, समजण्यासाठी धरलेली. कुणाला ती पटली नाही तर त्याने आपले आकडे घालावेत, पण वजावटीची एकही पायरी गाळू नये.

समजा, कूपातून एकंदर एक हजार टन झाड तोडले, ओल्या वजनाने. गृहस्थांच्या हिशेबाने जंगलात उरले ३८० टन. त्यातून १०० टन बुंधे वजा, कारण उपटायचे नाहीत. ५० टन भुसा मातीत मिसळला, तोही गेला. राहिले २३० टन फांद्या, शेंडे आणि पाला. यातला निम्मा, जाड फांद्यांचा भाग, बीटमध्ये रचून विकला जातो असे धरू. राहिले ११५. त्यातला तिसरा हिस्सा जमिनीसाठी सोडला. राहिले साधारण ७७. त्यातला निम्मा गावच्या मोळीत गेला. राहिले ३८ टन. हे सगळे ओले. निम्मे पाणी धरले तर कोरडे लाकूड १९ टन, आणि वीस टक्के ओलीवर तोलले तर सुमारे २४ टन. एक हजार टन झाडामागे चोवीस टन! मावसभावाच्या बॉयलरला दिवसाला दोन टन जळण लागते. बारा दिवसांत खेळ खलास. वर्षाचे तीनशे दिवस त्याचा एकच बॉयलर पेटता ठेवायचा तर पंचवीस हजार टन झाडे तोडावी लागतील. आणि गृहस्थ जे मशीन विकत होते ते तासाला एक टनाचे. दोन पाळ्या चालवले तर वर्षाला साधारण ४,८०० टन सुका माल गिळणार. त्यासाठी दोन लाख टन झाडे कोण तोडणार, आणि का?

मी वजावट कदाचित जास्त केली असेन. मोळीचा हिस्सा कमी धरा, बीटचा कमी धरा, उत्तर दुप्पट करा, तिप्पट करा. तरी कागदावरच्या आकड्याच्या जवळपास येत नाही.

अंतराचे तर मी बोललोच नाही. चंद्रपूर ते पुणे सातशे किलोमीटरच्या आसपास. मोकळ्या फांद्या भरल्या तर ट्रक भरतो, वजन भरत नाही. कापूस जिनिंगमधून मोकळा नेत नाहीत, १७० किलोची गाठ बांधून नेतात, ती उगाच नाही. फांदीचीही गाठ जंगलाजवळच बांधायला हवी, म्हणजे कारखाना तिकडे हवा. आणि तिकडे कारखाना टाकला तर शेजारी मोठे गिऱ्हाईक आणि मोठे स्पर्धकही आहेत. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के जैव-कांड्या मिसळण्याचे धोरण आणले, आणि त्यात भर मुख्यतः शेतीच्या अवशेषांवर आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रे त्याच पट्ट्यात. जिथे असे खरीददार उतरतात तिथे काल फुकट असणाऱ्या मालाला आज भाव येतो, आणि आपल्यासारखा पंधरा लाखांचा भागीदार ढकलला जातो. पावसाळ्याचे चार महिने जंगलातून माल बाहेर निघत नाही, तेव्हाचा साठा आधी करून ठेवावा लागतो. ईदचा माल सहा महिने आधी भरून ठेवणाऱ्याला विचारा, अडकलेला पैसा काय असतो.

मुळशी, वेल्ह्याकडून माल आणू, असाही एक पर्याय निघाला. तिकडे मालकी जमिनीवरची तोड होते आणि कोळशाच्या भट्ट्याही लागतात, ज्यांवर कातकरी कुटुंबे राबतात. म्हणजे तिथली बारीक लाकडेही कोळशात जातात, उरत नाहीत. मालकी झाडांच्या तोडीलाही १९६४ चा कायदा लागू आहे आणि वाहतुकीला परवाना लागतो. शेतकऱ्याने लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या जातींना सवलत असते, पण ट्रक भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन ताजी यादी पाहावी. नाक्यावर अडकलेल्या ट्रकचे भाडे चालूच राहते.

मग या धंद्यात काहीच नाही का? तसे मला म्हणायचे नाही. तोच तक्ता पुन्हा पाहा. जंगलात ३८ भाग उरतात, तर आरागिरणीत ३४ भाग. गिरणीत येणाऱ्या लाकडाच्या निम्म्याहून जास्त उरलेला माल गिरणीतच पडतो, आणि तो आधीच एका जागी आहे, रस्त्यावर आहे, बऱ्यापैकी सुका आहे, आणि त्याचा मालक दिवाणखान्यात भेटतो. परदेशी लाकूड हल्ली कांडला बंदरातून मोठ्या प्रमाणात येते. त्या झाडाची फांदी कुठल्या तरी दूरच्या देशात राहिली, पण फळीचे तुकडे आणि भुसा आपल्या दारात आहेत. धायरी-नऱ्ह्याच्या छोट्या कारखान्यांतूनही पॅकिंगची लाकडी पॅलेट निघतातच. २०१७ मध्ये पालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरीचेही नाव होते, तेव्हापासून वस्ती एवढी वाढली की पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्याच काही थोड्या नसतात. पण इथेही चिंधीचा नियम लागू. टिंबर मार्केटमधल्या स्नेह्यांना विचारले तर म्हणाले, तुकडे बेकरीवाले नेतात, भुसा पोल्ट्रीवाले नेतात, सालीलाही कुणी ना कुणी आहे. मोकळा माल थोडा, आणि विचारणारे वाढले की भाव वाढतो.

बेकरीचा मुद्दा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. आपल्या बेकरीवाल्या बांधवांवर त्याचा बोजा पडला, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर कुणी माहीतगाराने लिहावे. पण जिथे भट्ट्या बदलतात तिथे गिरणीच्या तुकड्यांचे एक जुने गिऱ्हाईक कमी होते. सायझिंग आणि प्रोसेसवाल्यांनी त्या गिरण्यांशी आधीच बोलून ठेवायला हरकत नाही. त्याच बरोबर, आज बेकरीला जे सांगितले ते उद्या धूर सोडणाऱ्या बॉयलरला सांगितले जाईल, हेही मनात असू द्यावे आणि चिमणीवरचा धूर पकडण्याचा खर्च हिशेबात आताच धरावा.

आणि माझ्या मते आपल्या धंद्याला जवळचा खरा माल जंगलात नाहीच, तो कापसाच्या शेतात आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी उभी राहते. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिला आपण सिरकॉट म्हणतो, तिने पऱ्हाटीच्या कांड्यांवर बरेच काम केले आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरच्या आसपास असतो. दोन टनच धरले तरी ऐंशी लाख टन होतात. आता इथेही मी गृहस्थांचीच चूक करू नये, म्हणून लगेच सांगतो की यातली बरीच पऱ्हाटी शेतकऱ्याच्या चुलीत जाते, कुंपणाला लागते. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने देशाच्या शेतीतील अवशेषांचा अभ्यास केला, त्यात एकूण सुमारे ७५ कोटी टनांपैकी वापरून उरणारे सुमारे २३ कोटी टनच धरले आहेत, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पण पऱ्हाटीत एक सोय आहे. गुलाबी बोंडअळीमुळे हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून टाका असा कृषी खात्याचा आग्रह असतो, आणि कित्येक शेतकरी ती बांधावर पेटवतात. ज्याला ती नको आहे त्याच्याकडून ती विकत घेणे आणि मोळीवालीच्या हातातून काटकी काढून घेणे, यात फरक आहे. शिवाय ती दरवर्षी येते, त्याच तालुक्यात, त्याच महिन्यांत.

मावसभावाला मी हा सगळा हिशेब दाखवला. त्याला राग आला नाही, पण तो हिरमुसला. ‘‘भाईजान, तुम्ही प्रत्येक गोष्टीत वजावटच काढता,’’ म्हणाला. त्याचेही चुकत नाही. जळणाचा भाव त्याला दर आठवड्याला चावतो, मला नाही.

शेवटी आम्ही त्या गृहस्थांना एक पत्र लिहिले, उर्दूत नव्हे, स्वच्छ मराठीत टाइप करून. त्यात विचारले : माल कोणत्या कूपातून, कोणत्या वर्षांत, मागील तीन वर्षांचे तिथले लिलावाचे आकडे, माल ज्यांचा त्या ग्रामसभेचा किंवा महामंडळाचा लेखी होकार, वजन कोणत्या ओलीवर, कारखान्यापर्यंतचे भाडे टनामागे किती, आणि ठरल्यापेक्षा माल कमी आला तर नुकसानीत त्यांचा हिस्सा काय. पंधरा दिवसांनी फोन आला. गृहस्थ म्हणाले, मशीनचा भाव पुढच्या महिन्यात वाढणार आहे, तुम्ही लवकर निर्णय घ्या. पत्रातल्या प्रश्नांबद्दल ते काही बोलले नाहीत.

मावसभाऊ सध्या टिंबर मार्केटमधल्या दोन गिरण्यांकडून सुके तुकडे घेऊन भिवंडीला पाठवण्याचा हिशेब करतो आहे. पहिली गाडी गेली, तीत ओल किती निघाली ते त्याने मला फोनवर सांगितले. सोळा टक्के. भाड्याचा आकडा अजून त्याच्या मनासारखा बसलेला नाही.